साहेबाच्या माशांवर अभिषेक

सोलापूर, मंगळवार, ता. २१ मे १९३५

तीर्थस्वरूप भीमाशंकरमामा यांच्या पायांवर डोकं ठेवून सोलापूरहून भाचा शिवयोगी याचे शरणु.

पत्रास कारण विशेष असं काही नाही, सहज आठवण झाली म्हणून लिहितो आहे. तुमच्या गुडघ्याचं दुखणं आता कसं आहे? एरंडाचं पान गरम करून बांधा म्हणून अव्वाने मागे कळवलं होतं, ते बांधलंत की नेहमीसारखं ऐकून सोडून दिलंत? मामींचा खोकला, मळ्यातले आंबे, नवी बैलजोडी, सगळ्यांची खुशाली सविस्तर कळवावी. इकडे आम्ही सर्वजण सिद्धरामेश्वराच्या कृपेने अजून जिवंत आहोत. सर्वजण म्हणजे अव्वा, म्हणजे तुमची अक्का, तुमची भाचेसून रुद्राणी, मी आणि पाच मासे. अक्षर वेडंवाकडं आलं असेल तर रागावू नका. दर दोन ओळींना उठून मी माशांकडे बघून येतो आहे.

आता तुम्ही चष्मा कपाळावर सारून म्हणाल, मासे? लिंगायताच्या घरात? मामा, पत्र खाली ठेवू नका, पुढे वाचा. खायचे नव्हेत, पाळायचे आहेत, आणि तेही आमचे नव्हेत. आमच्या गिरणीचे ऑग्डनसाहेब दरसाल उन्हाळ्यात मडमेला घेऊन उटीला जातात. मडमेने काचेच्या पेटीत तांबडे विलायती मासे पाळले आहेत. मागच्या उन्हाळ्यात ते माळ्याच्या स्वाधीन केले होते, तर परत येऊन पाहतात तो एक कमी. माळी म्हणाला मांजराने नेला. मडमेने मांजरावर विश्वास ठेवला, माळ्यावर ठेवला नाही. म्हणून यंदा साहेबाने आमचे हेडक्लार्क वेणीमाधवराव यांना विचारलं की ऑफिसात मासे मुळीच न खाणारा माणूस कोण? (स्वतः वेणीमाधवरावही खात नाहीत, पण हे त्यांना त्या क्षणी आठवलं नाही.) त्यांनी माझ्याकडे बोट केलं, आणि मी मूर्खाने छाती पुढे काढून सांगितलं की साहेब, आमच्या सात पिढ्यांत कुणी माशाचा वास घेतलेला नाही. झालं! संध्याकाळी चार हमाल ती पेटी घेऊन आमच्या दारात हजर.

माझ्या त्या फुशारकीवर साहेब ऑफिसातच इंग्रजीत काहीतरी बोलला आणि वेणीमाधवरावांनी ते मराठीत सांगितलं: मी येईन तेव्हा हे पाचही मासे असेच पोहताना दिसले, तर तुला कायम करण्याच्या हुकुमावर सही करतो. मामा, मी किती वर्षं हंगामी कारकून आहे हे तुम्हाला सांगायला नको, तुम्हीच लग्नात व्याह्यांना 'पुढच्या महिन्यात कायम होतोय' म्हणून सांगितलं होतंत आणि ते अजून मला भेटले की तेवढंच विचारतात. मासे मेले तर काय, हे साहेब बोलला नाही. पण न बोललेलंच मला जास्त ऐकू येतं. तेव्हापासून माझी नोकरी, अब्रू आणि म्हातारपण हे सगळं त्या काचेच्या पेटीत गोल गोल फिरतं आहे.

आणि नुसतं पाणी बदलून भागत नाही हो! त्या माशांना हवा लागते, आणि ती विजेच्या यंत्राने पाण्यात सोडावी लागते. एक लहानसं यंत्र गुरगुरतं, रबराच्या नळीतून बुडबुडे निघतात, आणि त्यावर ते जगतात. त्यासाठी गिरणीने आमच्या घरापर्यंत विजेची तार ओढून दिली. आळीत वीज पहिल्यांदा आली ती आमच्याकडे, आणि तीही माशांसाठी. एक दिवाही मिळाला. तो पाहायला पंधरा दिवस माणसं येत होती. मला मात्र त्या बटणाची धास्ती. मी ते पायात खडावा घालून, लांबून, लाकडी पळीच्या दांड्याने दाबतो. (हसू नका. तुमच्या होटगीला वीज आली की मग बघू.)

तुमच्या अक्काचं काय झालं ते वेगळं सांगायला हवं का? तिने पहिल्या दिवशी जाहीर केलं, "माजं शिवपूजेचं घर हाय, हितं मासळी न्हाय चालायची!" मी हातापाया पडलो तेव्हा एवढ्यावर तोडगा निघाला की पेटी सोप्यात एका कोपऱ्यात राहील, तिच्या चारी बाजूंनी पंचा गुंडाळलेला असेल, आणि अव्वाच्या नजरेला मासा म्हणून पडता कामा नये. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलाय, तिला पंचा नसता तरी काय दिसलं असतं कुणास ठाऊक, पण तत्त्व म्हणजे तत्त्व. मीही पंचा ओला ठेवायचो, तेवढाच माशांना वैशाखात गारवा. माशांचं खाणं एका विलायती डब्यात आहे. त्यावर काय लिहिलंय ते मी शब्दकोश घेऊन वाचलं आणि पुन्हा कधी वाचलं नाही. अव्वाला सांगितलंय की कसलीशी पानांची भुकटी आहे.

तर परवा रविवारी अव्वा कुंभारीला आत्याकडे गेली होती. दुपारी मी भाकरी खाऊन आडवा झालो आणि एकाएकी जागा झालो. कशाने? काही वाजलं म्हणून नव्हे, वाजायचं थांबलं म्हणून. यंत्राची गुरगुर बंद! मी धावत गेलो. बुडबुडे नाहीत. बटण खाली केलं, वर केलं, पुन्हा खाली केलं, घाईत खडावा घालायच्या राहिल्या हेसुद्धा नंतर लक्षात आलं आणि त्याची भीती वेगळी वाटली. वीजघराकडे पळालो. तिथे एक माणूस विडी ओढत बसला होता. तो म्हणाला, इंजिनाचा पट्टा तुटलाय, उद्या बघू. मी म्हणालो, अहो घरात जीव जायची वेळ आलीय! तो दचकून उठला आणि म्हणाला, कुणाचा? मी म्हणालो, माशांचा. तो पुन्हा बसला.

घरी आलो तो सगळे मासे वर येऊन तोंडं उघडत होते, मिटत होते. त्यांतला सगळ्यांत मोठा, ज्याचं नाव मडमेने 'ड्यूक' ठेवलंय, तो माझ्याकडे डोळे लावून बघत होता. आधी मी विंझण्याने वारा घातला. त्याने पंचा वाळला, बाकी काही नाही. मग मला युक्ती सुचली की हवा पाण्यात गेली पाहिजे, मग ती यंत्राची असो की माझी. म्हणून चुलीजवळची फुंकणी घेतली, पाण्यात बुडवली आणि जीव खाऊन फुंकली. मामा, फुंकणीत किती काजळी असते याचा तुम्ही कधी विचार केला आहे काय? मीही केला नव्हता. पाणी काळं झालं. रुद्राणी म्हणाली, "तुमी जरा बाजूला व्हा बघू." मी बाजूला झालो नाही, ताकाची रवी आणली. रवीने पाणी घुसळलं तेव्हा ड्यूक उसळून पेटीबाहेर आला आणि जमिनीवर तडफडू लागला. मी मोठ्याने किंचाळलो. सात पिढ्यांत न घडलेलं रुद्राणीने केलं, तिने तो पदरात उचलला आणि पाण्यात सोडला. मी भिंतीला टेकून खाली बसलो.

पाणी बदलल्यावर युक्ती काढली तीही तिनेच. देवघरात पिंडीवर आपण टांगतो ती गळती, तिच्यातून थेंब थेंब पाणी उंचावरून पडतं. तसं पडलं तर हवा आत जाणार नाही का? मला आधी पाप वाटलं. मग ड्यूककडे पाहिलं आणि त्याहून मोठं भय वाटलं. गळतीचं कडं देवघराच्या दाराशी आहे, म्हणून आम्ही दोघांनी पेटी पंच्यासकट ओढत तिथे नेली, गळती भरली आणि टांगली. टप्, टप्, टप्. हळूहळू मासे त्या थेंबांखाली गोळा झाले आणि त्यांची तोंडं मिटली. मी गळतीला हात जोडले, शंकराची क्षमा मागितली, रात्रभर आळीपाळीने पाणी घालत बसलो.

सोमवारी सकाळी ऑफिसला न जावं तर वेणीमाधवरावांना संशय. रुद्राणीला बजावून गेलो. ती बिचारी गळती काठोकाठ भरून नळावर गेली. मे महिन्यातली नळावरची रांग तुम्हाला सांगायला नको. आणि नेमकी तेवढ्यात अव्वा कुंभारीहून परतली. तिच्या मते पेटी सोप्याच्या कोपऱ्यातच होती, आणि त्या मोतीबिंदूच्या डोळ्यांनी तिने काय पाहिलं? सोमवारचा दिवस, देवघराचं दार, खाली पंचा गुंडाळलेलं घंगाळासारखं काहीतरी, वर गळती, आणि थेंबांची संततधार. तिच्या डोळ्यांना पाणी आलं म्हणे! आपल्या लेकाने नोकरी कायम होण्यासाठी अखेर शंकराला अभिषेक बांधला, आईला सांगितलंसुद्धा नाही. तिने शेजारच्या दाक्षायणीबाईंना हाक मारली, त्यांनी समोरच्या गुरम्माला, आणि बघता बघता अर्धी आळी बेल, फुलं आणि दूध घेऊन दाखल झाली.

दुपारच्या सुट्टीत मी घरी आलो तर दाराबाहेर चपलांचा ढीग. पहिली गोष्ट मनात आली ती म्हणजे कोण गेलं? आत पाहतो तो बायका ओळीने बसलेल्या, गळतीतून दूध ठिबकतंय, पेटीतलं पाणी पांढरं सफेद, वर बेलपत्रांचा थर, माशांचा पत्ता नाही, आणि तुमची अक्का पळीपळीने एकेकीच्या हातावर त्यातलंच तीर्थ घालतेय! दाक्षायणीबाई ते डोळे मिटून प्यायल्या आणि हात पुन्हा पुढे केला. बोलावं तर आळीतल्या सगळ्या शिवभक्त बायकांना माशांचं पाणी पाजलं म्हणून अव्वाला तोंड दाखवायला जागा राहायची नाही. न बोलावं तर दुधात मासे मरतात आणि मी संपतो. रुद्राणी कोपऱ्यात कळशी घेऊन पांढरीफटक उभी. तिनेही बोलायचा धीर केला नव्हता.

मग माझ्या तोंडून जे निघालं ते मी बोललो की माझ्यातली भीती बोलली, मला माहीत नाही. मी ओरडलो, "दूध झालं! आता शुद्धोदक! एक थेंब दूध मागं राहिलं तर फळ उलटं!" आवाज असा कापत होता की सगळ्यांना वाटलं माझ्या अंगात आलंय. बायका धडपडत उठल्या. दुधानंतर शुद्ध पाण्याचं स्नान घालतातच, त्यात कुणाला वावगं दिसलं नाही. ज्यांच्या घरी रांजणाच्या तळाशी पाणी होतं त्यांनीसुद्धा घागरी आणल्या. मी तांब्याने पांढरं पाणी उपसत होतो, त्या वरून चांगलं ओतत होत्या, आणि मी मोठमोठ्याने 'ॐ नमः शिवाय' म्हणत होतो. (एकदा तांब्यात ड्यूक आला. त्या वेळचा नमः शिवाय फार मनापासून होता. पदर डोक्यावर असल्याने गुरम्माला दिसलं नाही, किंवा दिसलं आणि तिने नागोबा समजून हात जोडले. मी विचारलं नाही.) पाणी पुरतं निवळायच्या आत मी आरती उरकली आणि सगळ्यांना गूळखोबरं देऊन वाटेला लावलं.

राहिली अव्वा. ती बेलपत्रं गोळा करायला वाकली, हात आत घातला आणि तसाच ठेवला. "ह्यात काय हलतंय रे शिवयोगी?" मी तिथेच तिचे पाय धरले आणि सगळं सांगितलं, फुंकणीपासून. तिने हात पाण्यातून काढला नाही. मला वाटलं आता ही उठून कुंभारीला जाते ती परत येत नाही. तशीच वाकलेली म्हणाली, "माज्या हाताला त्येनं तोंड लावलं." मग म्हणाली, "दूध गेलं आसंल की रे त्येंच्या नाकातोंडात. लई वंगाळ झालं माज्या हातनं." आणि मी अजून पायाशीच आहे असं पाहून ओरडली, "तू हितं काय बसलास? गळती रिकामी झाली, घागर आण! आनि त्या दाक्षायणीला सांगू नगं. तीन डाव तीर्थ घेतलंन् तिनं."

संध्याकाळी वीज आली. यंत्र गुरगुरलं, बुडबुडे निघाले. अव्वाने दिव्याला हात जोडले, मी खुर्चीत बसलो आणि रडलो. असा हा सगळा प्रकार. बाकी सर्व क्षेम. मामींना शरणु सांगावं, पोरांना आशीर्वाद. आंबे उतरले असतील तर पाठवण्याची तसदी घेऊ नये, येणाऱ्याच्या हाती दिले तरी चालतील.

आपला आज्ञाधारक भाचा,
शिवयोगी

ता. क. हे पत्र वाचून चुलीत घालावं. दाक्षायणीबाई मामींच्या मावसबहीण लागतात हे मला सही केल्यावर आठवलं.

ता. क. दुसरा. मामा, मघाशी विशेष कारण नाही असं लिहिलं, ते तितकंसं खरं नाही. ड्यूक कालपासून एका अंगावर कलून पोहतोय. बाकीचे ठीक आहेत, हा मात्र तिरपा. साहेब शुक्रवारी मद्रासकडच्या मेलने येणार, आणि साहेबाला मासे 'असेच' पोहताना दिसले पाहिजेत, तिरपे नव्हे. गाडी होटगीवरून येते आणि तुमचं तिथल्या स्टेशनमास्तरांशी रोजचं चहापाणी आहे. त्यांना सांगून गाडी थोडी अडवता येईल काय? रुळावर म्हैस वगैरे? ते जमत नसेल तर तुम्ही स्वतः फेटा बांधून डब्याशी जा, साहेबाला मळ्यातले आंबे खायला म्हणून उतरवून घ्या आणि रविवारपर्यंत सोडू नका. साहेबाला आंबा फार आवडतो. माझं सारं आयुष्य आता तुमच्या आंब्यांवर आहे.

ता. क. तिसरा, बुधवार. पत्र काल टपालात पडलं नाही ते बरंच झालं. गाडी अडवू नका. वेणीमाधवरावांकडे तार आली की साहेब उटीहून परस्पर मुंबईला जाऊन बोटीने विलायतेला चालले, परत यायचे नाहीत. नवा साहेब दिवाळीच्या सुमारास येईल, तोवर सगळे हंगामी आहेत तिथेच. माशांबद्दल तारेत शेवटी तीन शब्द होते: मासे शिवयोगीने ठेवावेत. आणि आमच्या घरची विजेची तार गिरणीच्या खर्चाची, म्हणून ती काढून नेणार. मी ऑफिसातून घरी कसा आलो मला आठवत नाही. मामा, तुमच्या मळ्यातली विहीर खोल आहे, तिला पाणी आहे. मी या माशांना पाहूसुद्धा शकत नाही. येत्या बाजाराला झाकणाचा डबा घेऊन या आणि यांना घेऊन जा, उपकार होतील. कायम व्हायचं नशिबात नाही तर निदान झोप तरी लागेल.

ता. क. चौथा, गुरुवार सकाळ. विहिरीचं अव्वापुढे काढलं. ती तीन दिवस पेटीपाशीच बसून आहे, पंचा तिनेच काढून टाकलाय. ती म्हणाली, "भीमाशंकराच्या हिरीत कासवं हायती, खातील की त्येस्नी!" आणि जेवली नाही. पहाटे मीच उठून पाहिलं तर ड्यूक सरळ पोहत होता. मामा, साहेब नाही, हुकूम नाही, आता त्याच्या तिरप्या पोहण्याला मला भ्यायचं काही कारण नाही. तरी तो सरळ दिसला तेव्हा मी रुद्राणीला हाका मारत सुटलो. तारेचा माणूस आत्ताच शिडी लावून खांबावर चढलाय आणि हे लिहिता लिहिता बुडबुडे थांबले. रुद्राणीने गळती टांगली आहे. पण ती देवाची, लहान, आणि घटकाभरात रिकामी होते, शिवाय पिंडी कोरडी राहते म्हणून अव्वा हळहळते. तेव्हा डबा आणू नका. तुमच्या देवघरातली आजोबांच्या वेळची मोठी तांब्याची गळती तेवढी पाठवा. आजच्या गाडीने पाठवा मामा, ड्यूक वर येऊन तोंड उघडायला लागलाय.